राखण

रात्री जेवणं आटोपली की मी खाली पार्किंगमध्ये जाऊन येतो. घरात सांगताना शतपावली म्हणतो. पण शतपावली करणारा माणूस खांबामागे जाऊन वाकत नाही, आणि मी वाकतो. तिथे खिळ्याला एक काळी डबी टांगलेली आहे, साबणाच्या वडीपेक्षा जराशी मोठी. तिच्यावर मुगाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा आहे. तो दिसला की मी सरळ होतो आणि लिफ्टकडे वळतो. दिवा विझलेला असण्याची वेळ आजवर दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा कुणीतरी मोबाइल चार्ज करायला माझा प्लग काढून ठेवला होता.

डबीतून निघालेली दोनपदरी वायर गाडीच्या मागच्या दाराच्या रबरातून आत जाते. गाडीवर राखाडी कव्हर असतं. लांबून पाहिलं तर चादर डोक्यावरून ओढून झोपलेल्या पेशंटला सलाईन लावलंय असं दिसतं. पहिल्याच दिवशी वॉचमनमामांनी विचारलं होतं, "साहेब, ॲडमिट केली का गाडी?"

मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते.

गाडी हायब्रीड आहे. असल्या गाडीच्या पोटात दोन बॅटऱ्या असतात, आणि हे विकत घेताना कुणी नीट सांगत नाही, कारण सांगण्यासारखी मोठीच असते. मोठी म्हणजे खरोखर मोठी. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस विकायला आली आणि या गाड्यांची परंपरा सुरू झाली. त्या प्रियसच्या दुसऱ्या पिढीत १.२ व्होल्टचे १६८ सेल एकामागे एक ओवून २०१.६ व्होल्ट केलेले होते. ही थोरली गाडी ओढते, उतारावर नि ब्रेकवर वाया जाणारं बळ परत पोटात घेते, इंजिनालासुद्धा तीच गदागदा हलवून उठवते. आणि धाकटी? ती साधी बारा व्होल्टची, शिशाची, आपल्या मोटारींना पिढ्यान्‌पिढ्या असते तसलीच. माझ्या गाडीत ती डिकीत, उजव्या कोपऱ्यात, चटईखालच्या खणात बसवलेली आहे. तिथे बॅटरी आहे हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं.

धाकटीकडे इंजिन फिरवण्याचं काम नाही. तिचं काम एकच, दार उघडायचं. गाडी बंद केली की थोरली बॅटरी रिलेनं उरलेल्या गाडीपासून तोडून टाकतात. दोनशे व्होल्ट उगाच वायरींतून खेळत राहू नयेत, अपघात झाला तर कुणाला बसू नयेत, म्हणून. मग पुन्हा सुरू करताना तो रिले ओढायला, गाडीतले सगळे कंप्यूटर जागे करायला बारा व्होल्ट लागतात. ते धाकटीनं द्यायचे. बटण दाबल्यावर मागच्या सीटखालून 'टक्' असा एक आवाज येतो, तो थोरलीचं कुलूप उघडल्याचा. धाकटी उतरलेली असेल तर 'टक्' होत नाही. वाड्यात खजिना भरलेला आहे, पण किल्ली देवडीवरच्या पहारेकऱ्याकडे आहे, आणि पहारेकरी उपाशीपोटी बेशुद्ध पडलाय, अशी अवस्था. खजिन्यातून त्याला भाकरी पाठवावी म्हटलं तर खजिन्याचं दार उघडायला तोच हवा.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात आम्ही नवराबायको मुलीच्या बाळंतपणाला कॅनडात एडमंटनला गेलो आणि मार्चमध्ये परतलो. दुसऱ्या दिवशी गाडीचं कव्हर काढलं, रिमोट दाबला. काही नाही. रिमोटच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपवलेली असते, ती काढून दार उघडलं. आत बसलो, ब्रेक दाबला, बटण दाबलं. काही नाही. 'काही नाही' हे शब्द मी आयुष्यात बऱ्याचदा वापरले असतील, पण इतकं स्वच्छ काही नाही मी पाहिलं नव्हतं. पडदा काळा. घड्याळ नाही. डिकी उघडून बॅटरी बघावी तर डिकीचं कुलूपही विजेवर चालतं. म्हणजे बॅटरी डिकीत, आणि डिकी बॅटरीच्या हातात. ज्यानं ही रचना केली त्याला मराठी म्हणी कुणी शिकवल्या असाव्यात.

जुन्या पेट्रोल गाडीत असं होत नसे. ती मरण्याआधी आठ-पंधरा दिवस सांगत असे. सकाळी चावी फिरवली की आधीचा तडफदार 'घर्रर्र' जाऊन एक दमलेलं 'घर्र… घर्र…' येई, दम्याच्या आजोबांनी जिना चढावा तसं. आपण ओळखायचो, बॅटरी आली आता. हायब्रीडमध्ये ती घरघरच नाही. धाकटीवर भारच पडत नाही, त्यामुळे तिचं उतरणं कुणाला ऐकू येत नाही. काल चालत होती, आज नाही.

आणि धक्का मारायची सोय गेली, हे तर फार वाईट झालं. धक्का ही आपल्याकडची एक सामाजिक संस्था होती. रस्त्यात गाडी बंद पडली की मागून दोन अनोळखी हात लागत. कॉलेजची पोरं असत, भाजी घेऊन चाललेला गृहस्थ पिशवी टपावर ठेवून हात लावी. एस.टी. बंद पडली तर कंडक्टर म्हणे, "बाप्ये खाली उतरा जरा," आणि बाप्ये कुरकुरत उतरत, पण उतरत. गाडीनं दुसऱ्या गिअरमध्ये झटका खाऊन धूर सोडला की ढकलणारे सगळे आपणच ती जन्माला घातल्यासारखे हसत. हायब्रीडला गावभर ढकलत नेलं तरी ती सुरू होत नाही. ढकलणाऱ्या माणसाशी तिचं कुठलं नातंच ठेवलेलं नाही.

पण गाडी मी वाऱ्यावर टाकून गेलो नव्हतो. पुतण्याला किल्ली दिली होती आणि सांगितलं होतं, दर रविवारी खाली जाऊन दहा-पंधरा मिनिटं सुरू ठेव. पोरगा शब्दाचा पक्का. दर रविवारी गेला. नुसता गेला नाही, पुरावा म्हणून पेटलेल्या डॅशबोर्डचा फोटोही पाठवत राहिला. एडमंटनमध्ये शनिवारची रात्र असायची, बाहेर उणे वीस, आणि माझ्या मोबाइलवर पुण्याच्या पार्किंगमधले ते निळे-केशरी दिवे उमटायचे. मी अंगठा पाठवायचो. पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर फोटो थांबले. रिमोट चालेना, त्यातला सेल गेला असेल, असं त्याला वाटलं. काका आल्यावर बघतील.

काका आल्यावर त्यांनी ते सगळे फोटो पुन्हा काढून, बोटांनी ताणून ताणून पाहिले. सगळे दिवे होते. फक्त 'रेडी' हा हिरवा शब्द एकाही फोटोत नव्हता. पोरानं दर रविवारी ब्रेकवर पाय न ठेवता नुसतं बटण दाबलं होतं. तसं केलं की दिवे लागतात, पंखा फिरतो, गाणी वाजतात, पण थोरली बॅटरी जोडली जात नाही. सगळा खर्च धाकटीच्या माथी. आवाज येत नाही म्हणून शंकाही आली नाही; हायब्रीड मुकीच असते, हे मीच त्याला कौतुकानं सांगितलं होतं. म्हणजे दर आठवड्याला तो प्रेमानं येऊन, पंधरा मिनिटं गाणी ऐकत, तिचं थोडं थोडं रक्त काढून जात होता आणि मी सात समुद्रांपलीकडून अंगठा दाखवत होतो. त्याला बोलणार काय? बोललो नाही. फोटोत तो शब्द शोधण्याचं काम माझं होतं.

खरं तर तो गेला नसता तरी गाडी वाचली नसतीच. बंद गाडीही पूर्ण झोपत नाही. मेकॅनिकनं नंतर मोजून दाखवलं, कुलूप लावल्यावरही तीस मिलिअँपिअर वीज चालू होती. अलार्म असतो, घड्याळ असतं, आणि एक अँटेना सतत ऐकत असते, मालक किल्ली खिशात घेऊन जवळ आला का. तीस मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-अवरला जरासं कमी. बॅटरी पंचेचाळीसची. दोन महिन्यांत तळ. मी एडमंटनच्या दारातला बर्फ फावड्यानं उपसत होतो तेव्हा ही इथे तळघरात माझ्या किल्लीची चाहूल घेत बसली होती. त्यात संपली.

मेकॅनिक स्कूटरवरून आला. बॉनेटच्या आत, फ्यूजच्या पेटीत, लाल टोपणाखाली एक लोखंडी जीभ असते. तिला आणि बॉडीला त्यानं पुस्तकाएवढी एक पेटी जोडली. इंजिन फिरवायचं नसल्यानं तेवढी पुरते. 'टक्' झालं. पडदा उजळला, 'रेडी' आलं. मग त्यानं डिकी उघडून धाकटीला मीटर लावला, बोटानं तिच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "बदलायला लागेल साहेब. वापरून नाही गेली ही. पडून गेलीय."

हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेलं होतं. जवळजवळ ह्याच शब्दांत.

मोहोळला, पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला, वडिलांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. आत लाकडी फळ्यांवर काळ्या रबरी खोक्यांच्या बॅटऱ्या एका रांगेत मांडलेल्या, एकीचं अधिक दुसरीच्या उण्याला जोडलेलं, आणि रांगेच्या टोकाला भिंतीवर गुणगुणणारा चार्जर. फरशीवर बॅटरी ठेवली की उतरते असा तेव्हा सगळ्यांचाच समज होता, म्हणून फळ्या. बुचं काढून ठेवलेली असत. रात्री शेडमध्ये कान दिला तर बारीक बुडबुड्यांचा आवाज येई, लांब कुठेतरी भात शिजत असावा तसा. आम्लाच्या वासानं नाकात खाज सुटायची. वडिलांच्या सगळ्या पँटींना मांडीवर भोकं होती. आई रफू करायची थांबली होती. बिडी ओढणाऱ्याला ते पायरीवरूनच परत पाठवत. बुडबुड्यांतून निघणारा वायू पेट घेतो हे त्यांना पुस्तकानं नव्हे, एकदा फुटलेल्या खोक्यानं शिकवलं होतं.

हायड्रोमीटर नावाची काचेची पिचकारी हे त्यांचं खरं हत्यार. सेलमध्ये बुडवून पाणी ओढायचं, आतला तरंगा किती वर येतो ते डोळ्याजवळ धरून वाचायचं. "बाराशे चाळीस," ते म्हणत, आणि मी वहीत लिही. बाराशे चाळीस म्हणजे भरलेली. अकराशेच्या घरात आली की उतरलेली. एका बॅटरीचे सहा सेल, सहांचे सहा आकडे. पाच सारखे आणि एक पडलेला असला की ते जीभ चाटून 'च्‌' करत. तो सेल गेला म्हणजे बॅटरी गेली.

१९८७ साली रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण सुरू झालं आणि शनिवारची संध्याकाळ आमच्या शेडची दिवाळी झाली. आसपासच्या वस्त्यांवर वीज नव्हती, किंवा होती पण रविवारी सकाळी असेलच असं नव्हतं. बारा व्होल्टवर चालणारे छोटे काळेपांढरे टीव्ही होते. लोक बॅटऱ्या सायकलच्या कॅरिअरला बांधून आणत. ट्रॅक्टरची काढून आणत, कुणी पाहुण्याच्या जीपची आणत. रात्रभर चार्ज करून पहाटे न्यायची. मी तेव्हा अकरावीत होतो; रात्री दोनला उठून कुठल्या बॅटरीचं पाणी तापलंय ते हात लावून बघायचं काम माझं. घाईचे लोक म्हणत, जास्त करंट सोडा, लवकर होईल. वडील म्हणत, "घोटभर पाजायची असते. नरड्यात ओतायची नसते." गंमत म्हणजे त्यांनी स्वतः रामायणाचा एकही भाग पुरता पाहिला नाही. रविवारी सकाळी ते शेडमध्ये आडवे होऊन घोरत असत.

पण मला आठवते ती शनिवारची गर्दी नाही. आठवते ती मागच्या भिंतीची फळी. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. ऊस वाहणारे ट्रक नि ट्रॅक्टर गळीत हंगाम संपला की उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत कैकदा नुसते उभे असत. शहाणे मालक त्यांच्या बॅटऱ्या काढून वडिलांकडे ठेवून जात. त्या मागच्या फळीवर बसत. वडील त्यांना 'पाहुण्या' म्हणत. दर पंधरा दिवसांनी, काम कमी असलेल्या रात्री, ते एकेक पाहुणी खाली घेत, डिस्टिल वॉटर घालत, रांगेच्या शेवटी जोडत आणि सकाळी पुन्हा वर ठेवत. त्याचे पैसे ते घेत नसत. आई भांडायची यावरून. वीज फुकट येते का? ते म्हणत, "पडून मेली तर मालक पुन्हा माझ्याच दारात रडायला येणार."

आणि मग ते समजावून सांगत, आईला नव्हे, मला. बॅटरी उतरते तेव्हा शिशाच्या प्लेटांवर एक मीठ बसतं. ताजं असताना ते पिठासारखं असतं, करंट दिला की परत पाण्यात जातं. पण तसंच राहू दिलं तर त्याचे खडे होतात, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत होतात तसे, आणि मग कितीही करंट द्या, खडा सुटत नाही. प्लेटा पांढऱ्या पडतात. "वापरणारा माणूस बॅटरी मारत नाही रे. वापरून वापरून ती दमते, भरली की उठते. विसरणारा मारतो." त्या मिठाला लेड सल्फेट म्हणतात हे मला पुढे बी.एस्सी.ला कळलं. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गुंडाळून आम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली, हेही तेव्हाच कळलं. माझ्या गाडीला पुढे कंप्यूटर, मागे कंप्यूटर, काचेवर कॅमेरा. आणि या सगळ्यांनी उठायचं की नाही हे आजही ते १८५९ चं शिसं ठरवतं.

वडिलांचा हायड्रोमीटर माझ्याकडे आहे. माळ्यावरून काढला, पुसला, आणि नवी बॅटरी आणल्यावर घेऊन खाली गेलो. नव्या बॅटरीला बूचच नाही. ती सीलबंद असते, आतलं आम्ल काचेच्या लोकरीत शोषलेलं असतं. डिकी म्हणजे माणसं बसतात तीच हवा, तिथे बुडबुडे चालत नाहीत. मी हायड्रोमीटर परत वर नेला.

माझ्या आजीला वीज हा प्रकार फारसा कळला नाही, पण राखण कळत होती. चुलीतला विस्तव ती रात्री विझू देत नसे. धगधगती गोवरी चुलीच्या कोपऱ्यात सरकवून तिच्यावर राखेचं पांघरूण घाली. पहाटे राख बाजूला केली की आत तांबूस डोळा उघडे. चार पाचट, एक फुंकणी, झालं. घरात काडेपेटी होती. पण काडी ओढणं हा तिच्या मते उधळेपणा होता, आणि थोडा अपशकूनही. विस्तव विझलाच तर मला उठवून शेजारी पाठवी, "जा रं, इस्तू घिऊन यी." मी पत्र्याच्या तुकड्यावर निखारा घेऊन, वाऱ्याकडे पाठ करून, तिरका तिरका चालत येई. मेकॅनिकनं बॉनेटखाली ती पुस्तकाएवढी पेटी जोडली तेव्हा मला तो पत्रा आठवला होता. अशा वेळी नंदादीप वगैरे आठवायला हवा, लिहिणाऱ्यांची तशी रीत आहे. पण नंदादीप दिसावा म्हणून तेवत असतो. राखेखालचा विस्तव कुणाला दिसायचाच नसतो.

मराठीत 'रक्षा' म्हणजे सांभाळ आणि 'रक्षा' म्हणजे राखसुद्धा. रक्षाबंधन म्हणताना एक अर्थ, रक्षाविसर्जन म्हणताना दुसरा. लहानपणी मला हा भाषेचा गोंधळ वाटायचा. आजीची चूल आठवली की वाटत नाही.

एडमंटनमध्ये गाड्यांना शेपट्या असतात. पुढून असतात, म्हणजे सोंडाच म्हणायच्या. इंजिन रात्रभर कोमट राहावं म्हणून आत एक हीटर बसवतात, आणि त्याचा प्लग पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असतो. पार्किंगमध्ये खांबाखांबाला सॉकेट. संध्याकाळी माणसं उतरतात, गाडीला खुंटीला बांधल्यासारखी बांधतात आणि घरात जातात. मला ते फार आवडलं. रात्री गोठ्यात एक नजर टाकून आल्याशिवाय न झोपणाऱ्या माणसांची ती जातभाई होती. जावयांच्या गॅरेजमध्ये उन्हाळ्यात वापरायची मोटरसायकल होती, तिला ही काळी डबी लावलेली. पुण्यात गाडी मेल्यावर मी फोन केला, तशीच एक पाठवा म्हणालो. ते म्हणाले, "बाबा, ती एकशेवीस व्होल्टवर चालते. पुण्यात लावलीत तर धूर निघेल. तिकडेच घ्या."

तिकडेच म्हणजे तपकीर गल्लीत. तिथल्या दुकानदारानं आधी मला चार्जर दाखवला, मग साडेतीन मिनिटं माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, पण चालवत का नाही तुम्ही?" पुणेरी दुकानदार कधी कधी डॉक्टरपेक्षा अचूक प्रश्न विचारतात. शेवटी त्यानं आतून डबी आणून दिली. मेंटेनर. साधा चार्जर आणि मेंटेनर यांत फरक एवढाच की चार्जरला पोट भरल्याचं कळत नाही. तो देतच राहतो, बॅटरी आतून सुकते. मेंटेनर आधी चौदा-साडेचौदा व्होल्टपर्यंत नेतो, भरली असं दिसलं की मागे सरतो, आणि मग साडेतेराच्या आसपास नुसता हात धरून उभा राहतो. जितकं गळलं तितकंच घालायचं. आमच्या शेडमध्ये हे रात्री दोन वाजता हात लावून करायचं.

सोसायटीत मात्र या डबीवरून मीटिंग झाली. सामायिक मीटरवर खाजगी बॅटरी. कुणीतरी म्हणालं, आज हा लावतोय, उद्या सगळे इलेक्ट्रिक गाड्या लावतील. मी कागद घेऊन गेलो होतो. डबी अडीच वॅट खाते असं धरलं तर महिन्याला १.८ युनिट. खजिनदारांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. एवढ्या लहान रकमेवर भांडण उभं करता येईना याचं त्यांना वाईट वाटत असावं. महिन्याला पन्नास रुपये ठरले. मी वर्षाचे एकदम दिले.

दुकानदाराचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. चालवत का नाही? आमची गाडी आठवड्यातून एकदा निघते, कधी पंधरवड्यातून. मेट्रो आहे, रिक्षा आहे, गुडघे आहेत. डबी आल्यापासून तर आणखी कमी निघते. पूर्वी निदान बॅटरीसाठी म्हणून सिंहगड रोडला चक्कर व्हायची. आता ते निमित्तही गेलं. वापरायची म्हणून मी ती राखतोय, की राखता येते म्हणून वापरत नाही? वडिलांच्या पाहुण्या दसऱ्याला फळीवरून उतरायच्या, कुंकू लावून घ्यायच्या आणि ऊस ओढायला जायच्या. माझ्या पाहुणीचा दसरा कुठला, हे मला सांगता येणार नाही.

आणि ही फक्त गाडीची गोष्ट नाही. आमच्या इमारतीतले सात फ्लॅट बंद आहेत. मालक कुणी डॅलसला, कुणी सिडनीला, एक जोडपं मुलीकडे बंगळूरला. रात्री पार्किंगमधून वर पाहिलं तर त्या खिडक्या दात पडल्यासारख्या दिसतात. पण ही घरं मेलेली नाहीत, आणि त्याचं कारण तळमजल्यावरच्या काकू. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. सातही घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. दर बुधवारी दुपारी त्या चहा घेऊन निघतात आणि एकेक दार उघडतात. खिडक्या उघडतात, पंखे फिरवतात, एका घरातल्या तुळशीला पाणी घालतात, सगळे नळ मिनिटभर सोडतात. नळ कशाला, मी विचारलं होतं. "अहो, मोरीच्या जाळीखाली पाणी साठलेलं असतं ना, ते आटलं की खालून झुरळं वर येतात. तांब्याभर पाणी गेलं की महिनाभर काही येत नाही." एका घरात त्या पाचेक मिनिटं नुसत्या सोफ्यावर बसतात. घरात माणूस बसलेलं बरं असतं, म्हणतात. ह्याला काही शास्त्र असेल असं मला वाटत नाही. पण मी त्यांना विचारलंही नाही.

येत्या मंगळवारी रात्री आम्ही पुन्हा निघतोय. नातीला आता चालता येतं. या वेळी पुतण्याला त्रास दिला नाही. काल संध्याकाळी गाडीची किल्ली आणि घराची किल्ली घेऊन काकूंकडे गेलो, आणि पुतण्याच्या वेळी राहून गेलेलं सगळं सांगून टाकलं. समजा डबी बंद पडली, समजा वीजच गेली चार दिवस, तर दार उघडून बसायचं, आधी ब्रेकवर पाय ठेवायचा, पाय न काढता बटण दाबायचं, हिरव्या अक्षरांत 'रेडी' आलं का बघायचं, आलं तरच अर्धा-पाऊण तास ठेवायची. काकूंनी शांतपणे ऐकलं.

"मला गाडी येत नाही," त्या म्हणाल्या. "दिवा बघेन मी रोज."

मग त्यांनी खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला. प्रत्येक किल्लीला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेननं लिहिलेलं असतं. २०३, तुळस. ४०१, मोरी. ५०२, बसणे. आमच्या किल्ल्यांना पट्टी लावली, चष्मा वर सरकवला आणि लिहिलं: ६०२, हिरवा दिवा.